लग्नपत्रिकेवर पाहुण्यांची नावे कशी लिहावीत

पत्रिका छापून घरी आल्या की मजकुरावर आणि कागदावर झालेली सारी चर्चा मागे पडते आणि पाकिटांवर नावे घालण्याचे काम समोर येते. बहुतेक घरांत ते सुवाच्य अक्षराच्या मुलामुलींवर सोपवले जाते. ते योग्यच आहे, मात्र त्यांच्याशेजारी नात्यागोत्याची खडान्‌खडा माहिती असलेले एखादे वडीलधारे माणूस बसायला हवे.

प्रथम यादी नव्याने करावी. घरातल्या मागच्या लग्नाची वही समोर ठेवून तीच नावे उतरवून काढली, की घोटाळा होतो. माझ्या बहिणीच्या लग्नात आमच्याकडून हेच झाले. काका जाऊन वर्ष होत आले होते आणि तरीही काकूंच्या हाती ‘श्री. व सौ.’ असे लिहिलेली पत्रिका पडली. काकू काही बोलल्या नाहीत, लग्नालाही आल्या. पण आईच्या मनातून ते पाकीट अजून गेलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक नाव घरातल्या दोघांनी तपासल्याशिवाय आम्ही पेन हाती घेत नाही.

पहिली पत्रिका देवाची. ती गणपतीपुढे आणि मग कुलदैवतापुढे ठेवावी, व तिच्यावर ‘श्री खंडोबा, जेजुरी’ असे ज्याचे त्याचे दैवत लिहावे. देवाच्या नावाआधीच्या ‘श्री’ला टिंब देत नाहीत, माणसाच्या नावाआधीचे ‘श्री.’ हे ‘श्रीयुत’चे संक्षिप्त रूप असल्याने तिथे टिंब देण्याचा प्रघात आहे.

दांपत्याला लिहिताना ‘श्री. व सौ.’ आणि पुढे केवळ पतीचे नाव, ही जुनी रीत चुकीची नाही. तरी दोघांचीही नावे लिहावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या मैत्रिणीला आपण बोलावतो तिचेच नाव पाकिटावर नसावे, हे बरे दिसत नाही. लग्नानंतर तिने माहेरचे आडनाव कायम ठेवले असेल, तर तेच घालावे. ‘डॉ.’, ‘अ‍ॅड.’ या उपाध्याही ज्याच्या त्यालाच लावाव्यात. डॉक्टर पत्नी असेल तर ‘डॉ.’ तिच्या नावाआधी येईल. वयाने लहान असलेल्यांना ‘चि.’ लिहितात. ‘तीर्थरूप’ हा मायना स्वतःच्या आईवडिलांसाठी, तर काका, मामा, आत्या अशा वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’.

पती हयात नसलेल्या स्त्रीच्या नावाबाबत विशेष जपावे. ‘गं. भा.’ हे पूर्वी सर्रास लिहिले जाई. आज ते अनेकींना बोचते, म्हणून लिहूच नये. ‘श्रीमती’ हा शब्द सरकारी पत्रव्यवहारात सर्वच स्त्रियांसाठी वापरला जात असला, तरी मराठी घरांत तो ऐकताच पुष्कळांच्या मनात वैधव्याचाच अर्थ येतो, त्यामुळे नुसते नाव आणि त्यापुढे आदराचे ‘ताई’ किंवा ‘काकू’ लिहिणे मला सर्वांत योग्य वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या हातून निदान पत्रिकेला हळदकुंकू लावताना तरी अशा घराची पत्रिका कोरी ठेवली जाऊ नये.

एका छपराखाली राहणाऱ्यांना ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहून एक पत्रिका पुरते, परंतु चूल वेगळी असेल तर पत्रिकाही वेगळी द्यावी. दोघा भावांना मिळून एकच पत्रिका दिल्याने आलेले रुसवे लग्नघरात कितीतरी दिवस निस्तरावे लागतात. उलट, मोजक्याच माणसांना बोलवायचे असेल, तर ‘सहकुटुंब’ हा शब्द टाळून ज्यांना बोलवायचे त्यांची नावे स्पष्ट लिहावीत.

नावे घालून झाल्यावरच हळदकुंकू लावावे. गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि ओले कुंकू तिच्यावर टेकले की नावाचे लाल डाग होतात. म्हणून साधे बॉलपेन घ्यावे, पाकिटे तासभर पसरून ठेवावीत आणि बोट कोपऱ्यालाच टेकवावे.

टपालाने पाठवायच्या पाकिटांवर सहा आकडी पिनकोड आणि मागे आपला पत्ता हवा. जवळच्या वडीलधाऱ्यांना मात्र टपालाने न पाठवता घरी जाऊन, पत्रिकेसोबत अक्षता देऊन आमंत्रण करावे. दहापंधरा पत्रिका कोऱ्या राखून ठेवाव्यात, कारण आठवडाभर आधी कोणाचे तरी नाव राहून गेल्याचे हमखास लक्षात येते.