प्रिन्सिपलच्या स्पेलिंगमध्ये पाल शोधा

बारावी झालेल्या पुतणीने टीसीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि 'प्रिन्सिपल'च्या शेवटी पी-एल-ई लावलं. त्याचा अर्थ तत्त्व, प्राचार्य नव्हे. सारख्या उच्चाराचे शब्द नुसते घोकून ध्यानात राहत नाहीत. मराठीतली खूण लावा, पक्के बसतात.

१. प्राचार्य लिहायचं असेल तर शेवटी पी-ए-एल, म्हणजे पाल. ऑफिसात ट्यूबलाइटमागे बसते ना, तीच. तत्त्वात पाल नाही.

२. स्टेशनरी वही-पेनाची असेल तर शेवटच्या आर-वायच्या आधी ई, एन्व्हलपचा ई. जागची न हलणारी असेल तर तिथे ए, अडलेलीचा ए. पुतणीला म्हटलं, पावसाळ्यात धुऱ्याजवळ काळ्या मातीत चाकं रुतलेली आपली बंडी आठव. बैल ओढतात, पण ती हलत नाही. तेव्हापासून हा शब्द तिचा एकदाही चुकला नाही.

३. लूज म्हणजे ढिलं, त्यात दोन ओ. एक ओ हरवला की उरतो तो 'हरवणे' या अर्थाचा शब्द.

४. 'अ‍ॅडव्हाइस' म्हणजे सल्ला, हे नाम असेल तर सी; 'अ‍ॅडव्हाइज' म्हणजे सल्ला देणे, हे क्रियापद असेल तर एस.

मोबाइलच्या भरवशावर मात्र राहू नका. जोडीतली दोन्ही स्पेलिंगं बरोबरच असतात, त्यामुळे लाल रेघ बहुतेक वेळा येतच नाही. अर्ज देण्याआधी एवढ्या शब्दांवर बोट ठेवून एकदा वाचा.