फवारणीच्या दिवसांत लेकरांना जपा

पोळा तोंडावर आला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागते, सोयाबीन शेंगांवर येतं आणि फवारणीची घाई सुरू होते. नेमक्या याच दिवसांत पोरांना सणाच्या सुट्ट्या असतात आणि घरातली सगळी मोठी माणसं वावरात. मग लेकरंही मागे येतात. येऊ द्या, वावराची ओळख लहानपणीच होते. पण कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना आधी घरी शिकवून ठेवा.

गेल्या हंगामात शेजारच्या अंगणात एक चार-पाच वर्षांची पोर भातुकली मांडून बसली होती. विटेच्या चुऱ्याचं तिखट, तरोट्याच्या पानांची भाजी, आणि चहा प्यायला एक निळं झाकण. मलाही तिनं चहा दिला. झाकण हातात घेतलं तर आतल्या कडेला पांढरट थर वाळलेला. कीटकनाशकाच्या बाटलीचं माप होतं ते, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) उचलून आणलेलं. थोड्या वेळापूर्वी तिनं ते ओठाला लावलं होतं. साबणानं हात-तोंड धुऊन तिला लगेच डॉक्टरकडे नेलं. सुदैवानं काही झालं नाही. त्या दिवसापासून धुऱ्यावरची रिकामी बाटली मला नुसता कचरा वाटत नाही.

म्हणून बाटली रिकामी झाली की तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोकं पाडा आणि विहीर-नाल्यापासून दूर खोल पुरा. माप आणि झाकणही त्याच खड्ड्यात. उरलेलं औषध कधीच पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. तहानलेलं पोरगं वास घेत बसत नाही, सरळ तोंडाला लावतं. औषधाला कुलपाची पेटी हवी. ती नसेल तर निदान पोरांचा हात पुरणार नाही अशी, धान्यापासून वेगळी जागा.

डब्यावरच्या तिरक्या चौकोनाचा खालचा भाग रंगीत असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हे रंग पोरांना ओळखायला शिकवा, त्यांना ते पटकन जमतं. फक्त हिरवा म्हणजे चालतं, असं त्यांच्या डोक्यात बसू देऊ नका. हिरवंही विषच आहे.

फवारून आलेल्या बापाच्या पायाला लेकरू धावत येऊन मिठी मारतं. तेवढा एक क्षण आवरा. आधी साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुवायला, मग लेकराला उचला. फवारलेल्या पिकाच्या ओळींत पोरांना सोडू नका. कपाशीतल्या मूग-चवळीच्या कोवळ्या शेंगा ती तोडून कच्च्याच खातात, हे आपण विसरतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ती धडधाकट मोठी माणसं होती. लहान अंगाला तर थोडंसं विषही पुरतं.

तोंडातून लाळ, दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, अंग थरथरणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. कपडे काढून अंग साबण-पाण्यानं भरपूर धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं पाण्याची धार धरा. पोटात गेलं असेल तर ओकारी काढू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवा. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला सोपं जातं.

शेततळ्याचं सांगायलाच हवं. ऊन पडलं की पोरांना पाणी दिसतं, पण पाण्याखालचं प्लास्टिक शेवाळानं निसरडं झालेलं असतं. एकदा घसरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. भोवती कुंपण हवंच. शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर खुंट्यांना बांधून पाण्यात सोडा आणि काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवा. कुणी पडलं तर मागोमाग उडी घ्यायची नाही, दोर फेकायचा आणि ओरडायचं. पोरांकडून हे एकदा कोरड्यात करवून घ्या.

सापासाठी पायात बूट, हातात काठी आणि अंधारात बॅटरी. रात्री जमिनीवर निजवू नका. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून निजवा. मण्यार झोपेत चावते आणि बरेचदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या तर अपचन म्हणून काढा देत बसू नका. दंशावर कापणं, चोखणं, दोरी आवळणं नको. हात-पाय न हलवता सरकारी दवाखाना गाठा, सर्पदंशाची लस तिथे मोफत मिळते.

ओल्या हातानं मोटरच्या स्टार्टरला हात नाही, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणं नाही. वावरातून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायचे, नखं कापलेली हवीत. शाळा-अंगणवाडीत ऑगस्टमध्ये जंतनाशकाची गोळी देतात, ती चुकवू नका.

आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवायला बसाल, तेव्हा पोरांकडून रुग्णवाहिकेचा 108 नंबर पाठ करून घ्या. फोनवर गावाचं नाव, वावर कोणाचं आणि कोणत्या पांदणीनं यायचं, हे त्यांना न अडखळता सांगता आलं पाहिजे.