सस्पेन्शनचे बुश बदलताय? या चुका टाळा

बुश म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या (आर्मच्या) सांध्यातला, दोन धातूच्या नळ्यांमध्ये रबर असलेला तुकडा. नवा बुश काही महिन्यांत फाटला की पहिली शिवी पार्टला बसते. पार्ट कधीकधी खराब निघतोही, नाही असं नाही. पण फाटलेला बुश हातात घेऊन नीट बघितला तर बहुतेक वेळा बसवणाऱ्याची करणी दिसते: रबर एकाच दिशेला पिळवटून चिरलेलं, बाहेरच्या नळीची कड दुमडलेली, नाहीतर ग्रीस लागून रबर फुगून मऊ पडलेलं.

गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळणे

सगळ्यात जास्त बुश यानेच मरतात. मूळ रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये आवळलेली आणि मधलं रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं. म्हणजे बोल्ट ज्या कोनात आवळाल तो रबराचा शून्य कोन.

हिशोब करून बघा. बुशपासून बॉल जॉइंटपर्यंत (चाकाकडच्या टोकाच्या गोल सांध्यापर्यंत) लोअर आर्म, म्हणजे खालचा आर्म, 350 मिमी आहे आणि गाडी उचलल्यावर त्याचं टोक 80 मिमी खाली लोंबतं असं धरू. आर्म साधारण 13 अंश फिरला. तिथेच बोल्ट आवळला तर गाडी चाकांवर उतरल्या क्षणापासून रबर 13 अंश पिळलेलं, गाडी नुसती उभी असली तरी. चाक आणखी 60 मिमी वर गेलं की पीळ 23 अंशांच्या घरात जातो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळण्यासाठी बनवलेलं रबर एकाच बाजूला ओढलं जातं आणि नळीच्या कडेपासून सुटायला लागतं. शिवाय पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत राहतं, त्यामुळे तो कोपरा उंच बसतो. मग लोक स्प्रिंगवर संशय घेतात.

याचीच दुसरी आवृत्ती कॉइलओव्हरवाल्या (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या) गाड्यांत. बुश व्यवस्थित बसवले, बोल्ट योग्य उंचीवर आवळले, सगळं शिस्तीत. मग पुढच्या आठवड्यात हौसेने गाडी 30 मिमी खाली केली. बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचं कोणाच्या मनातही येत नाही. बुश फाटतो, दुसरा येतो, तोही तसाच बसतो आणि तिसऱ्या वेळी "रबरात दम नाही" म्हणून पॉलीयुरेथेनच्या (रबरापेक्षा कडक प्लास्टिकच्या) बुशची ऑर्डर जाते. आधी उंची कायमची ठरवा, मग बोल्ट आवळा, आणि चारही कोपऱ्यांचं वजन जुळवायचं असेल तर ते त्यानंतर.

पद्धत साधी आहे. गाडी उचलण्याआधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा, लक्षात राहत नाही. बुश बसल्यावर नट नुसते हाताने टेकवा. बॉडी स्टँडवर ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा, चाकाचा मध्य त्या अंतरावर आणा आणि मग टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) चालवा. कडक स्प्रिंगच्या गाडीत ते अंतर येण्याआधीच बॉडी स्टँडवरून उचलायला लागते. तिथे थांबायचं. चाकं लावून गाडी चारही रॅम्पवर घ्या आणि खालून आवळा. एकच बाजू उचलत असाल तर स्टॅबिलायझरची (डावी-उजवी चाकं जोडणाऱ्या बारची) लिंक सोडा, नाहीतर तो बार आर्मला मनासारखं हलू देत नाही.

इम्पॅक्ट गनने "थोडंसंच टेकवतो" म्हणणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

जिथे तिथे पॉलीयुरेथेन

पॉली वाईट नाही. पण तो रबराचा कडक भाऊ समजून सगळीकडे ठोकणं चूक आहे. रबरी बुश पिळतो. पॉली आतल्या नळीभोवती घसरत फिरतो. जिथे हालचाल एकाच अक्षाभोवती आहे तिथे तो झकास चालतो. पण बीएमडब्ल्यूच्या ई36 किंवा ई46 च्या मागच्या ट्रेलिंग आर्मसारख्या जागी चाक वर-खाली होताना आर्म तिरकाही होतो, कारण चाकाला बाकीच्या लिंकही धरून असतात. तिथे ठोकळ्यासारखा कडक पॉली अडकतो. गाडी उडी मारल्यासारखी ग्रिप सोडते आणि मालक मात्र "आता स्टिअरिंग किती टाइट झालं" म्हणून खूश. अशा जागी एक तर चांगला रबरी बुश, नाहीतर गोलाकार बेअरिंग. बेअरिंगमध्ये आवाज आणि झीज आली, हे आधी मान्य करा.

पॉली बसवायचाच तर त्याची आतली धातूची नळी पॉलीच्या दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर आली पाहिजे. बोल्टचा दाब नळीने घ्यायचा असतो. नळी आखूड असेल तर ब्रॅकेट पॉलीलाच चिमटतं आणि चूं-चूं सुरू. ग्रीस किटसोबत आलेलं किंवा सिलिकॉनचं, आत आणि दोन्ही तोंडांवर. काही किट जुनी बाहेरची नळी आर्ममध्ये ठेवायला सांगतात, काही काढायला. हे आधी वाचा, करवत नंतर.

बाकीच्या, थोडक्यात

दिशा. मध्ये पोकळ्या असलेला बुश कसाही बसत नाही. पोकळीची बाजू मऊ, भरीव बाजू कडक. जुना काढण्याआधी आर्मवर रंगाची खूण करा आणि फोटो काढा. 90 अंश चुकला तर ब्रेक मारल्यावर आर्म मागेपुढे डुलतो.

प्रेस करताना दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाबलं की बुश बसायच्या आधीच गेला. दोन कानांच्या (आर्मच्या दोन समोरासमोरच्या पात्यांच्या) मध्ये बसणारा बुश असेल तर कानांमध्ये आधार द्या, नाहीतर कान वाकतात.

ॲल्युमिनियमच्या आर्मला हातोडा नको, हॉट एअर गन घ्या. आर्म 80 अंश सेल्सिअसने जास्त तापवला तर 60 मिमीचं भोक साधारण 0.1 मिमी मोठं होतं. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की त्याची पोलादी नळी त्याहून बरीच कमी आकसते, पण दोन्ही मिळून काम होतं. ज्योतीने रबर जाळून काढणं बंद करा. धूर विषारी आहे, ॲल्युमिनियमची ताकद जाते आणि द्रव भरलेला बुश असेल तर गरम द्रव तोंडावर उडतो.

जुनी नळी करवतीने कापताना आर्मच्या भोकाला ओरखडा पडू देऊ नका. तडा तिथूनच जातो.

रबराला पेट्रोलियम ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. बसवायला साबणाचं पाणी पुरतं.

नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) हवेत लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर त्यावरच लटकते.

वरवरच्या बारीक भेगा म्हणजे बुश गेला असं नाही. पहारीने आर्म रेटून बघा, आतली नळी एका बाजूला सरकते का, रबर नळीपासून सुटलंय का. टकटक बॉल जॉइंटची किंवा लिंकचीही असू शकते.

एकच बाजू बदलू नका.

लॉक नट नवे. मॅन्युअलमध्ये टॉर्क अधिक कोन (आधी ठरलेला जोर, मग ठरलेले अंश फिरवणे) असं लिहिलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत.

एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून चाकाचा कोन बदलणारा) सोडण्याआधी त्याच्या वॉशरवर आणि ब्रॅकेटवर मिळून एक रेघ ओढा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल. अलाइनमेंट तरीही करायचंच. रेघ हा फक्त तिथवर पोचायचा जुगाड.

शेवटी प्रत्येक आवळलेल्या नटावर आणि शेजारच्या धातूवर पेंट पेनची रेघ. काही दिवस गाडी चालवून झाली की टॉर्च घेऊन खाली वाका. रेघ सरकली असेल तर नुसता पाना मारून मोकळे होऊ नका; बोल्ट काढून त्याचे आटे आणि आतल्या नळीची तोंडं तपासा.