असाइनमेंटमधली चित्रं आणि आकडे : या चुका टाळा

चित्राखाली ‘स्रोत : गूगल’ असं लिहिलेल्या असाइनमेंट आजही सर्रास जमा होतात. गूगल चित्र शोधून देतं, काढत नाही. छायाचित्र कुणीतरी टिपलेलं असतं, आकृती कुणीतरी रेखाटलेली असते आणि ती कुठल्यातरी पानावर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली असते. श्रेय त्या माणसाला द्यायचं आणि दुवा त्या पानाचा. ‘स्रोत : पिंटरेस्ट’ लिहिण्यातही हीच चूक आहे.

© हे चिन्ह दिसलं नाही म्हणजे चित्र फुकट, असं समजू नका. बर्न करार हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार १८८६ चा आहे आणि १९०८ पासून त्यात स्पष्ट आहे की लेखक-कलावंताच्या हक्कासाठी नोंदणी किंवा चिन्ह लागत नाही. कलाकृती तयार झाली की हक्क आपोआप मिळतो. आणि नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. अभ्यासापुरत्या वापराला बऱ्याच देशांचे कायदे सवलत देतात. पण तोच प्रकल्प स्पर्धेला पाठवला किंवा ऑनलाइन टाकला, तर ती सवलत पुरेलच असं नाही.

म्हणून सुरुवातीलाच मुक्त परवान्याची, म्हणजे निर्मात्याने वापरायची मुभा आधीच दिलेली चित्रं शोधावीत, हे मला सगळ्यात सोपं वाटतं. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहात प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये कॉपीराइटमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रं खुली केली. नासाची बहुतेक छायाचित्रंही अभ्यासासाठी वापरता येतात. गूगलवरच शोधायचं असेल तर वापराच्या हक्कांची चाळणी लावा, पण परवाना मूळ पानावर जाऊन वाचा.

निर्माते आपल्या चित्राला लावतात ते क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) तयार परवाने २००२ पासून आहेत, तरी त्यातली अक्षरं न वाचता चित्र उचललं जातं. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको. ‘एनडी’ असेल तर बदललेलं चित्र पुढे कुणाला देता येत नाही. ‘एसए’ असेल तर तुम्ही बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. ‘सीसी झिरो’त कसलीच अट नाही, तरी स्रोत लिहावाच, कारण वाचणाऱ्याला तो हवा असतो. चित्राखालच्या ओळीत शीर्षक, निर्मात्याचं नाव, मूळ पानाचा दुवा आणि परवाना या चार गोष्टी द्या. चित्र कापलं किंवा रंग बदलले असतील तर तेही लिहा.

मूळ सापडत नसेल तर चित्रावरून चित्र शोधणाऱ्या गूगल लेन्समध्ये किंवा टिनआयवर ते टाकून पाहा. टिनआयवर सर्वात जुनी नोंद आधी लावता येते, त्यामुळे चित्र कुठून निघालं याचा माग लागतो. याचा आणखी एक फायदा आहे. एका पुराचा जुना फोटो दुसऱ्याच पुराचा म्हणून फिरत असतो, तो इथे पकडला जातो. परवान्याने न सुटणारा प्रश्नही आहे. आजारी, संकटात सापडलेल्या माणसांचे किंवा लहान मुलांचे ओळखू येणारे चेहरे केवळ पान सजवायला वापरू नयेत. परवाना छायाचित्रकाराने दिलेला असतो, त्या माणसांनी नाही.

आकड्यांच्या चुका यापेक्षा घातक, कारण त्या दिसत नाहीत. बातमीतला आकडा अहवालातून आलेला असतो, म्हणून अहवाल उघडा. स्टॅटिस्टासारख्या संकेतस्थळावरचे बरेच आकडेही दुसऱ्यांकडून घेतलेले असतात. मूळ संस्थेचं नाव तिथेच असतं, तिच्यापर्यंत जा.

मग व्याख्या तपासा. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला १.९० डॉलर होती, २०२२ मध्ये ती २.१५ झाली आणि २०२५ मध्ये ३ डॉलर. एका वर्षीच्या अहवालातला आकडा आणि दुसऱ्या वर्षीच्या अहवालातला आकडा शेजारी मांडून ‘गरिबी वाढली’ असं लिहिलं, तर प्रत्यक्षात फक्त रेष सरकलेली असू शकते. तुलनेसाठी एकाच रेषेवर मोजलेली सगळ्या वर्षांची मालिका घ्या. ती बँकेच्या खुल्या विदासंग्रहात मिळते.

प्रमाण १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलं, तर ‘५ टक्के वाढ’ हे चुकीचं आहे. वाढ ५ टक्के-बिंदूंची किंवा ५० टक्क्यांची आहे. टक्के देताना ते कितीजणांपैकी, हेही सांगा. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करा, नाहीतर चिमूटभर फरक डोंगराएवढा दिसतो. दुसऱ्याच्या आलेखाचा स्क्रीनशॉट चिकटवण्यापेक्षा आकडे घेऊन आलेख स्वतः काढा आणि खाली लिहा : ‘आकडे : जागतिक बँक, पाहिल्याची तारीख अमुक, आलेख : स्वतः काढलेला’.

एआय चॅटबॉटने दिलेला आकडा म्हणजे पुरावा नव्हे. तो अस्तित्वात नसलेल्या अहवालाचं नावही ठामपणे सांगतो. दुवा उघडून, अहवालात तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच घ्या.

आणि जमा करायच्या आदल्या रात्री एखाद्या आकड्याचं मूळ सापडलंच नाही, तर तो काढून टाका. ‘७३ टक्के विद्यार्थी’ खोडून तिथे ‘बहुतेक विद्यार्थी’ लिहू नका. दावा तोच राहतो, फक्त तपासता येत नाही. ते वाक्यच काढा आणि उरलेला मुद्दा त्याच्याशिवाय उभा राहतो का ते पाहा.