जुन्या पद्मिनीचे हेडलाइट: वायरिंग सोपं, अर्थिंगला वेळ द्या

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे हेडलाइट मिणमिणायला लागले की लगेच कुणीतरी सांगतं, "शंभर वॅटचे बल्ब टाका." हे अजिबात ऐकू नका. रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) नसलेल्या जुन्या गाडीत सगळा करंट हेडलाइटचा स्विच आणि डिपरच्या (झोत वर-खाली करणाऱ्या) स्विचमधून जातो. साधे 60/55 वॅटचे दोन बल्बच मिळून 10 अँपिअरच्या आसपास ओढतात. 100 वॅटचे लावलेत तर 16 च्या वर. मग प्रकाश राहतो बाजूला आणि स्विच वितळतं.

आधी बॅटरीची अर्थकडची केबल काढा. पद्मिनीत निगेटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, पण हातात जुनी इंग्रजी गाडी असेल तर पॉझिटिव्ह असू शकते, तेव्हा बघून घ्या.

अप्पर (लांबचा झोत) आणि डिपरसाठी (खालचा झोत) एकेक रिले लावा. खालचे आकडे रिलेच्या पिनांचे आहेत. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजमधून येणारी वायर 30 वर, बल्बकडे जाणारी 87 वर, डिपरकडून आलेली जुनी वायर 86 वर, आणि 85 अर्थला. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, तांब्याची. फ्यूज बॅटरीजवळच हवा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) घाला.

आता अर्थिंग. मला सर्वांत जास्त छळलं ते यानेच, आणि लोक सर्वांत कमी वेळ देतात तोही यालाच. बल्बमधून गेलेला करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परततो. पण डेंटिंग-पेंटिंगवाला अर्थच्या स्क्रूवरच लांबी (पुट्टी) आणि रंग चढवतो, आणि वर मुंबईची खारी हवा. स्क्रू दिसायला घट्ट, खाली मात्र तांबडा गंज. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइटही त्याच तालात मंद होत असेल, तर पहिला संशय अर्थवरच घ्या.

"मल्टिमीटर बीप करतो, म्हणजे अर्थ ठीक" हेही खरं नाही. बीपला नावापुरता करंट पुरतो. वायरची एक तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो. हेडलाइट चालू ठेवून मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन होल्डरच्या अर्थ टोकावर, कपलर न काढता. 0.2 व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. एक-सव्वा व्होल्ट आलं, तर प्रकाश तिथेच मरतोय: बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड साधारण तीस टक्के घटतो.

उपाय एकच. बॉडीच्या भरवशावर राहू नका. दोन्ही होल्डरपासून स्वतंत्र काळी वायर काढून बॅटरीच्या निगेटिव्हजवळ एकाच बोल्टवर आणा. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा. वायरच्या टोकाला थिंबल (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) नीट दाबून क्रिंप करा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड मला चालत नाही, बोनेटच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो. खाली दातेरी वायसर, मग बोल्ट करकचून आवळा. पेट्रोलियम जेली लावायची ती आवळल्यानंतर, वरून. बॅटरीपासून बॉडीकडे आणि इंजिनकडे जाणाऱ्या जाड पट्ट्यांनाही हेच करा, नाहीतर नव्या वायरीचा निम्मा फायदा वाया जाईल.

पुन्हा मोजा. मग गाडी भिंतीसमोर सपाट जागी उभी करून झोत जुळवा, डिपरचा समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही इतका खाली. दर मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, तो अर्थचा बोल्ट उघडून साफ करा.