‘फिन्ड’ म्हणजे नेहमीच ‘पर असलेला’ नव्हे: या चुका टाळा

‘फिन’ म्हणजे माशाचा पर, म्हणून ‘फिन्ड’ म्हणजे पर असलेला. शब्दकोशात एवढं सापडतं आणि आपण पुढच्या शब्दाकडे वळतो. माशांवरचे इंग्रजी मजकूर मराठीत आणताना मी या विशेषणापाशी जितक्या वेळा फसले, तितक्या वेळा लांबलचक शास्त्रीय नावांपाशी फसले नाही. अवघड नाव दिसलं की आपण सावध होतो. साध्या शब्दाला कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आधी स्पेलिंगचं. यात ‘एन’ दोनदा येतो. एकच लिहिलात तर शब्द ‘फाइन्ड’ होतो, म्हणजे दंड झालेला. कॉम्प्युटर ही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबर आहेत. उच्चार ‘फिनेड’ असाही नाही, एका दमात ‘फिन्ड’.

खरी घातक चूक शार्कच्या बाबतीत होते. ‘फिन’ हे इंग्रजीत क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ आहे पर कापून काढणे. म्हणजे एकच ‘फिन्ड’ शब्द एका ठिकाणी ‘पर असलेला’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पर छाटलेला’ असे अगदी उलटे अर्थ सांगतो. ‘द शार्क्स वेअर फिन्ड अ‍ॅट सी’ या वाक्याचं भाषांतर ‘समुद्रातल्या शार्कना पर होते’ असं केलेलं मी वाचलं आहे. मूळ वाक्य सांगत होतं की भर समुद्रात त्यांचे पर कापले गेले. सुपासाठी पराला भाव असतो, मांसाला तितका नसतो; म्हणून पर कापून उरलेला मासा पाण्यात फेकतात, पुष्कळदा जिवंतच. त्याला पोहता येत नाही, तो बुडत जाऊन मरतो. आपल्या देशात 2013 साली केंद्र सरकारने बोटीवर असे पर कापण्यावर बंदी घातली, तेव्हापासून शार्क पकडली तर परांसकट अख्खी किनाऱ्याला आणावी लागते. 2015 मध्ये परांची निर्यातही बंद झाली. हे सगळं ज्या एका शब्दात आहे, तो चुकला तर त्या जिवाचं मरणच मजकुरातून गळून पडतं. तेव्हा ‘फिन्ड’च्या आधी ‘वेअर’, ‘बीन’ असं काही दिसलं आणि विषय मासेमारीचा असला, तर थांबा. आणि मराठीत ‘पर छाटले’ असं स्पष्ट लिहा.

जोडशब्दात मात्र ते विशेषणच असतं. ‘रे-फिन्ड’ हा त्यातला सर्वात जास्त भेटणारा, आणि इथे अडचण ‘रे’ची. रे म्हणजे किरण हे शाळेत शिकलेलं असतं. कोळीवाड्याशी ओळख असलेल्यांना पाकट हा चपटा मासा आठवतो, कारण इंग्रजीत पाकटालाही ‘रे’ म्हणतात. इथे दोन्ही नाहीत. बांगड्याचा किंवा रोहूचा पर उजेडात पसरून धरा: पातळ पडद्याला ताणून धरणाऱ्या बारीक काड्या दिसतील, पंख्याच्या काड्यांसारख्या. त्या काड्या म्हणजे ‘रे’. सुरमई, पापलेट, बोंबील सगळे या गटातले; जगातल्या माशांच्या 30,000 हून अधिक जाती यात येतात. गंमत अशी की खुद्द पाकट यात नाही. तो मुशीसारखा, म्हणजे शार्कसारखा, कूर्चेच्या सांगाड्याचा मासा. म्हणून ‘पाकटासारखे पर असलेले मासे’ हे भाषांतर दुहेरी चुकतं.

त्याचा जोडीदार ‘लोब-फिन्ड’. याच्या पराच्या मुळाशी मांस आणि हाडं असतात, जवळजवळ हातापायाच्या बुंध्यासारखी. मी ‘मांसल परांचे मासे’ लिहिते. 1938 साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मासेमारी बोटीच्या जाळ्यात मिळालेला सीलकँथ याच गटातला. तो डायनासोरांबरोबरच संपला असं तोवर समजत होते.

‘यलोफिन ट्यूना’मध्ये शेवटी ‘ड’ नाही, हेही बघून ठेवा. ते एका ठरावीक जातीचं नाव आहे. ‘यलो-फिन्ड’ लिहिलंत तर पिवळ्या पराचा कुठलाही मासा चालेल.

‘फिनी’ हा शब्द नव्या लिखाणात वापरू नका. अठराव्या शतकातले इंग्रज कवी माशांना ‘फिनी ट्राइब’ म्हणत. आज माहितीच्या लेखात तो अवघडून उभा राहतो. आणि मोटारसायकलच्या इंजिनाविषयी ‘फिन्ड सिलिंडर’ आलं तर पर विसरा. उष्णता लवकर हवेत जावी म्हणून बाहेरून काढलेल्या त्या पातळ पट्ट्या आहेत. गॅरेजमध्ये त्यांना फिन्सच म्हणतात, तेच लिहावं.

राहिला ‘फिनलेस’. सिंधुदुर्गच्या समुद्रातही आढळणाऱ्या फिनलेस पॉर्पसला (हा डॉल्फिनसारखा सस्तन प्राणी) मी पहिल्या खर्ड्यात ‘बिनपराचा’ म्हटलं होतं. मग त्याचं चित्र नीट पाहिलं. पुढे वल्ह्यासारखे दोन अवयव आहेत, मागे आडवी पसरलेली शेपटी आहे. नाही तो फक्त पाठीवरचा पर. तिथे बारीक उंचवट्यांचा एक पट्टा आहे, बस्स. इंग्रजीत पुढच्या अवयवांना ‘फ्लिपर’ आणि शेपटीच्या पात्यांना ‘फ्लूक’ म्हणतात, त्यामुळे त्या भाषेत ‘फिनलेस’ खपून जातं. मराठीत ‘पाठीवर पर नसलेला पॉर्पस’ असं पूर्ण लिहावं लागतं. आता मी तसंच लिहिते.