साठीनंतरचा लांबचा मोटारप्रवास: टप्पा घड्याळावर ठरवावा

कन्याकुमारी, कच्छ, काशी अशा लांबच्या फेऱ्या स्वतःच्या गाडीने करण्याचा नाद आम्हा दोघांना निवृत्तीनंतर लागला. २०१७ पासून पुण्याहून अशा सात फेऱ्या झाल्या. गाडी बहुतेक वेळ मी चालवते आणि माझे मधुमेही यजमान शेजारी बसून रस्ता सांगतात. या काळात ऐकलेला सल्ला दोनच प्रकारचा होता: एक ‘या वयात कशाला?’ आणि दुसरा ‘रस्ते आता झकास झालेत हो, बंगळूर एका दिवसात गाठाल.’ पहिल्याकडे कानाडोळा करता येतो. दुसरा मात्र जिवावर बेतू शकतो, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याचविषयी आहे.

गाडी आणि कागद

सर्व्हिसिंग, विमा, पीयूसी, फास्टॅगमधील शिल्लक यांविषयी मी लिहीत बसत नाही. दोन गोष्टी मात्र आपल्या वयाच्या लोकांकडून हमखास राहून जातात. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण केलेला वाहन परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला नमुना १-अ जोडावा लागतो; मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येत असल्यामुळे हे काम निघण्याच्या आठवड्यावर ढकलू नये. दुसरी गोष्ट टायरांची. निवृत्त माणसाची गाडी मंडई, दवाखाना आणि लग्नकार्ये एवढीच फिरते, त्यामुळे टायर झिजत नाहीत. ते नुसते म्हातारे होतात. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे ‘२३१९’ हा टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. खोबणी नव्यासारखी दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर तापलेल्या महामार्गावर नेऊ नये. स्टेपनीचे आकडेही वाचावेत, कारण ती बहुधा सर्वांत जुनी निघते.

दिवसाचा टप्पा

खरी अडचण इथे आहे, आणि मी स्वतः इथेच फसले होते.

२०१७ च्या डिसेंबरात कन्याकुमारीला जाताना आम्ही पहिला मुक्काम थेट बंगळुरास ठरवला होता. पुणे ते बंगळूर सुमारे ८४० किलोमीटर. नकाशा जेवढे तास दाखवत होता त्यात आम्ही जेवणाचा एक तास मिळवला आणि हिशेब पुरा झाला असे समजलो. पहाटे साडेचारला कोथरूडहून निघालो, साडेअकराला हुबळी गाठली, तिथे बिसिबेळे भात आणि वर दहीभात असे पोटभर जेवलो आणि स्वतःवर खूश होऊन पुन्हा गाडीत बसलो. दावणगेरे मागे पडले. चित्रदुर्गाच्या अलीकडे टेकड्यांवर पवनचक्क्या संथ फिरताना दिसू लागल्या, एवढे मला आठवते. त्यानंतरचे आठवते ते एकदम कानावर आलेले ‘अगं!’ आणि डाव्या चाकांखाली खडखडणारी खडी. गाडी पांढरी पट्टी ओलांडून कडेला उतरली होती आणि काही अंतरावर रस्त्याच्या कामासाठी टाकलेला दगडांचा ढीग होता. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. माझी डुलकी तीन सेकंदांची धरली, तरी तेवढ्यात साठ-पासष्ट मीटर गाडी कोणीही चालवत नव्हते.

आपल्याला झोप येते आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळलेच नव्हते, ही गोष्ट मी आवर्जून सांगते. ‘झोप आली की थांबू’ हा बेत त्यामुळेच कुचकामी आहे. दुपारी साधारण दोन ते चार या वेळात जेवण हलके असले तरी शरीर मंदावते, जड असेल तर अधिकच. आणि साठीनंतर पहाटे जाग येण्याची सवय लागली असेल, तर तोवर आपण दहा-अकरा तास जागे असतो. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे हे सारे उपाय पाच मिनिटे टिकतात. चहा-कॉफीचा परिणाम दिसायला वीस-तीस मिनिटे लागतात, त्यामुळे चहा पिऊन लगेच गाडी काढणाऱ्याला त्याचा फायदा मिळतच नाही. काही कारणाने पुढे जावेच लागले, तर चहा घेऊन वर्दळीच्या पेट्रोल पंपावर सावलीत गाडी लावावी आणि पंधरा-वीस मिनिटे खरोखर झोपावे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी आणि गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनीही गुंगी येते. त्या घेतल्या असतील तर त्या दिवशी चाक हातात घेऊ नये.

दोघांना गाडी चालवता येते म्हणून टप्पा दुप्पट करावा, हा आणखी एक लाडका सल्ला. सकाळपासून शेजारी बसून रस्ता पाहणारा माणूसही तितकाच थकलेला असतो. दुसऱ्या चालकामुळे प्रवास सुरक्षित होतो, लांब होत नाही.

तेव्हा नियम असा: सकाळी सहाला निघावे आणि दुपारी एकला, कुठेही असलो तरी, दिवसाचे गाडी चालवणे संपवावे. एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुणेकरांची जन्मभर थट्टा होते. महामार्गावर मात्र हीच सवय कामाला येते, फक्त चारनंतर पुन्हा दुकान उघडायचे नाही. कारण चारला निघालेल्याला अंधार गाठतो, आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यानंतर काही क्षण पुढे नुसता पांढरा धूर दिसतो.

सहा ते एक म्हणजे सात तास. नाश्त्याची चाळीस मिनिटे आणि दर दोन तासांनी उतरून चालण्याचे दोन थांबे वजा केले, तर पावणेसहा तास उरतात. चौपदरी रस्त्यावर टोलनाके, वळणरस्ते आणि गावे धरून सरासरी ताशी साठच्या आत पडते, म्हणजे टप्पा सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरांचा झाला. घाट असेल तर त्यातून आणखी पन्नास वजा करावेत.

कन्याकुमारीची आमची आताची आखणी अशी असते. गुरुवारी निघून बेळगाव, सुमारे ३४०. शुक्रवारी चित्रदुर्ग, सुमारे ३००. शनिवारी गाडीला हातच लावायचा नाही. रविवारी सकाळी तुमकूरवरून येऊन नेलमंगलनंतर बंगळूरच्या बाहेरून नाइस रोडने होसूर गाठायचे, अंतर जेमतेम २४०. सोमवारी महामार्ग ४४ ने सेलम, नामक्कल, करूर करत दिंडिगल. आणि मंगळवारी मदुराई, तिरुनेलवेलीवरून कन्याकुमारी, सुमारे ३१०. गुरुवार शुभ म्हणून निवडलेला नाही. बंगळूर रविवारी सकाळी ओलांडता यावे म्हणून निवडला आहे. एखाद्या कामाच्या दिवशी त्या शहराच्या कडेने गेलेल्या माणसाला यापेक्षा अधिक काही सांगायला नको.

शनिवारची सुट्टी कोणीही कापायला सांगेल, ती कापू नये. थकवा पहिल्या दोन दिवसांत जाणवत नाही. तो साठत जातो आणि तिसऱ्या दिवशी चिडचिडीच्या रूपाने बाहेर येतो. आम्हा दोघांची प्रवासातली सगळी भांडणे तिसऱ्या दिवशीची आहेत. शिवाय चित्रदुर्गाच्या किल्ल्यात पाहण्यासारखे बरेच आहे. हैदरअलीचे सैनिक ज्या कपारीतून एकेक करून आत शिरत होते आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हिने मुसळाने त्यांना एकेक करून टिपले, ती कपार मी पहिल्यांदा पाहिली ती त्या डुलकीच्या दुसऱ्या दिवशी. त्या आडवाटेच्या मुक्कामाचे श्रेय दगडांच्या ढिगाला आहे.

मुक्काम

पहिल्या तीन रात्रींपलीकडे आगाऊ आरक्षण करू नये, कारण पैसे भरलेली खोली माणसाला एकनंतरही ओढत नेते. आदल्या संध्याकाळी हॉटेलला फोन करून एक वाजता खोली मिळेल का हे विचारावे, नाहीतर दोनपर्यंत स्वागतकक्षात पेंगत बसावे लागते. लिफ्ट चालू आहे का, कमोड आहे का आणि गाडी आवारात राहते का, हेही त्याच फोनवर विचारावे. ‘लिफ्ट आहे’ आणि ‘लिफ्ट चालू आहे’ ही दोन वेगळी उत्तरे असतात.

पाणी आणि औषधे

स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने आपल्याकडच्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेले पुरुष ती गोळी परस्पर बंद करतात. दोन्ही घातक आहे. तासन् तास एकाच जागी बसल्याने पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि शरीरातले पाणी कमी झाल्यास तो वाढतो. गोळीची वेळ प्रवासापुरती बदलता येईल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मोठ्या पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर किल्ली मागावी, लाजू नये. चालवणाऱ्याला जाण्याची गरज वाटो न वाटो, दर दोन तासांनी सर्वांनी उतरावेच.

इन्सुलिन उभ्या गाडीत कधीही ठेवू नये आणि थेट बर्फालाही लावू नये. यजमानांची पेटी आमच्याबरोबर नाश्त्याच्या टेबलावर येते. गाडी चालवण्याआधी साखर ९० च्या खाली दिसली तर आधी खायचे, मग किल्लीला हात लावायचा, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले आहे. सगळी औषधे एका पिशवीत भरू नयेत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहून घ्यावे, कारण तिरुनेलवेलीच्या दुकानदाराकडे तीच गोळी दुसऱ्याच नावाने असू शकते. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक मोबाईलमध्ये असतातच; ते कागदावर लिहून डॅशबोर्डवरही चिकटवावेत, कारण ऐन वेळी चष्मा सापडत नाही.

परतीचा शेवटचा दिवस

या दिवशी एक वाजताचा नियम सर्वांत जास्त वेळा मोडतो. कराड ओलांडले की घर जवळ आले असे वाटते, हात चाकावर असतात आणि मन घरी पोचून देवघरात दिवा लावत असते. साताऱ्याकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे जाणारा लांब उतार लागतो. इंधन वाचवण्यासाठी गिअर काढून सोडलेले आणि मग ब्रेक न लागलेले ट्रक तिथे मागून येऊन आदळल्याच्या बातम्या पुणेकर वर्षानुवर्षे वाचत आहेत. हा उतार ताज्या डोळ्यांनी, डावी बाजू धरून, आरसा पाहत आणि स्वतःची गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायचा असतो. दिवसभर चालवून अंधारात नव्हे.

म्हणून बेळगावहून निघायला उशीर झाला आणि एक वाजता आपण साताऱ्यात असलो, तर साताऱ्यालाच राहावे. घर एकशे दहा किलोमीटरवर असताना लॉजचे पैसे भरल्याबद्दल नातेवाईक हसतात. माझ्या नणंदबाई अजून हसतात. कंदी पेढे घ्यावेत, दुपारी झोपावे आणि सकाळी सहाला निघावे. साडेआठला कोथरूडमध्ये शिरताना दुधाची पिशवीही कोपऱ्यावरच घेता येते.